बंजारा स्त्रियांचा मणी-कवड्यांचा पेहराव : त्याची घडण आणि त्याची परिभाषा

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील वेळापूर हे गाव यादवकालीन अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरासाठी, रामचंद्रदेव यादवाच्या काळातील मराठी शिलालेखांसाठी आणि आषाढी वारीत तेथे होणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या मुक्कामासाठी परिचित आहे. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आल्यापासून माळशिरस तालुक्याचा हा पट्टा उसाचा झाला. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडणीच्या टोळ्या मराठवाड्यातून येथे उतरतात, आणि त्यांत बंजारा कुटुंबेही असतात. या कुटुंबांतील तरुण स्त्रिया साडीवर पुरुषी सदरा चढवून फडात उतरतात. परंतु त्यांच्याबरोबर आलेल्या एखाद्या वृद्धेच्या अंगावर अजूनही लाल-निळा घेरदार फेटिया, भिंगांनी मढलेली कांचळी आणि डोक्यावर नाण्यांच्या काठाची ओढणी दिसते. एकाच खोपटातील दोन पिढ्यांच्या पेहरावातले हे अंतर पाहणाऱ्याच्या चटकन ध्यानात येते. मात्र वृद्धेच्या अंगावरील ते वस्त्र कसे तयार झाले, त्यातील कोणता तुकडा कोठून आला आणि त्या त्या तुकड्याला काय म्हणतात, याचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

या पेहरावाविषयी एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. तो विणलेला नाही, जोडलेला आहे. सोलापूर हे विणकरांचे शहर आहे. तेथील पद्मशाली विणकरांच्या मागावर चादर किंवा साडी तयार होते, तेव्हा नक्षी ताण्याबाण्यातच उमटते. वस्त्र फाटले की नक्षीही संपते. याच शहराच्या वेशीजवळ असलेल्या मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांतील बंजारा स्त्रियांची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. बंजाऱ्यांनी माग चालविला नाही. कापड, कवडी, काचेचा मणी, भिंग, नाणे यांपैकी एकही वस्तू त्यांनी स्वतः घडविली नाही. त्यांची म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे या सर्व वस्तू सुईने एकत्र आणण्याची पद्धती. म्हणून या पेहरावाचा अभ्यास म्हणजे वस्तूंचा अभ्यास नव्हे. त्या वस्तूंच्या रचनेचा, क्रमाचा आणि नावांचा अभ्यास होय.

व्यापारी मार्गावरचे वस्त्र

ही पद्धती कशी निर्माण झाली, हे समजण्यासाठी बंजाऱ्यांच्या पूर्वीच्या व्यवसायाकडे वळावे लागते. रेल्वे येण्यापूर्वी भारतात धान्य व मीठ यांची दूरवरची वाहतूक मुख्यतः बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर भारतात धान्य वाहून नेणाऱ्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला. त्याच शतकातील फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी दक्षिणेतील लढायांत इंग्रजी फौजांना रसद पुरविण्याचे कामही बंजाऱ्यांकडे होते. ‘लमाण’, ‘लभाण’, ‘लंबाडी’ या नावांचा संबंध अनेक अभ्यासक ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दाशी लावतात, तर ‘बंजारा’ या नावाचा ‘वाणिज्य’ या शब्दाशी. समाजातील लोक मात्र स्वतःस ‘गोर’ किंवा ‘गोरमाटी’ म्हणवितात आणि समाजाबाहेरच्या माणसास ‘कोर’ म्हणतात.

जो समाज वर्षाचे बहुतेक महिने चालत असतो त्यास माग उभा करणे शक्य नसते. मागास स्थिर जागा लागते, ताणा लावून ठेवण्यास दिवस लागतात. सुईदोऱ्याचे तसे नाही. तो कमरेच्या पिशवीत मावतो, बैल चरत असताना काढता येतो आणि तळ उठला की अर्धवट टाक्यासह गुंडाळून ठेवता येतो. शिवाय ज्या मार्गांवरून धान्य व मीठ जात असे, त्याच मार्गांवर कापड, कवड्या आणि मणीही मिळत. या पेहरावाची सामग्री अशी वाटेवर गोळा झालेली आहे.

कवडी मालदीव बेटांतून येई. बंगाल व ओडिशा या प्रांतांत ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लहान व्यवहाराचे चलन होती. चलनातून बाद झालेली कवडी बंजारा वस्त्रावर मात्र प्रतिष्ठेने टिकली. भिंगे गुजरातेतून येत. खेडा भागातील कपडवंज येथे काचेचे पातळ फुगे फुंकून, त्यांस आतून कलई देऊन, मग ते फोडून त्यांचे लहान तुकडे करण्याचा धंदा होता. भरतकामातील जुन्या भिंगांना किंचित बाक असतो त्याचे कारण हेच. ती सपाट काच नसून फुग्याचा अंश असते. काचेचे मणी पूर्वी युरोपातून, विशेषतः व्हेनिस व बोहेमिया येथून, भारतात येत. देशी मणी उत्तर प्रदेशातील पुर्दिलनगर व फिरोजाबाद या परिसरातून येतात. नाणी तर व्यवहारातलीच. राणीच्या छापाचा रुपया, पावली, पुढे दशमान पद्धतीची नाणी यांस सोनाराकडून डाक देऊन कडी बसविली की ते नाणे वस्त्रावर शिवता येते. एका कांचळीवर अशा रीतीने समुद्र, भट्टी आणि टांकसाळ एकत्र आलेली असतात.

पेहरावाचे भाग

बंजारा स्त्रीचा पूर्ण पेहराव तीन वस्त्रांचा असतो. कमरेखाली फेटिया, अंगात कांचळी आणि डोक्यावरून पाठीवर सोडलेली ओढणी, जिला भागाभागांनुसार टुकरी किंवा छाटिया म्हणतात.

फेटिया हा घेरदार घागरा होय. त्याचे तीन भाग डोळ्यांस सहज वेगळे दिसतात. कमरेशी ‘लेपो’ नावाची जाड, दाट भरलेली पट्टी असते. तिच्याखाली चुण्या घातलेला मोकळ्या कापडाचा ‘घेरो’ असतो, आणि पायाशी ‘लावण’ म्हणजे वेगळ्या रंगाच्या कापडाची किनार. या वाटणीत शोभेपेक्षा उपयोगाचा विचार अधिक आहे. घेराचा सर्व भार कमरेवर येतो. म्हणून तेथील पट्टी अनेक पदरी कापडाची असते आणि दाट टाक्यांनी ती इतकी घट्ट होते की चुण्या ओढल्या जाऊनही ती फाटत नाही. पायाशी घासून झिजणारे कापड वेगळे जोडलेले असल्यामुळे लावण जीर्ण झाली तर तेवढीच बदलता येते.

कांचळी ही पुढून अंग झाकणारी आणि पाठीवर बंदांनी बांधली जाणारी चोळी आहे. तिची पाठ जवळजवळ उघडी असते. ती ओढणीने झाकली जाते. छातीवरचे तुकडे, बाह्या आणि पोटावर लोंबणारा तुकडा हे सर्व स्वतंत्रपणे भरून तयार केले जातात आणि नंतर जोडले जातात. छातीच्या तुकड्यांवर भिंगांची गर्दी असते. बाह्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी भरतकाम असते, आणि बंदांच्या टोकांस लोकरीचे किंवा सुताचे गोंडे, मणी व कवड्या असतात.

ओढणीचा जो काठ कपाळावर येतो त्यावर भरतकामाची रुंद पट्टी आणि तिच्या कडेला नाण्यांची ओळ असते. या नाण्यांच्या वजनामुळे वाऱ्यात किंवा चालताना ओढणी डोक्यावरून सरकत नाही. डोक्यावर घागर अथवा भारा वाहणाऱ्या स्त्रीचे दोन्ही हात कामात असतात. ओढणी सावरण्यास तिच्यापाशी तिसरा हात नसतो. घागरीखाली ठेवावयाची चुंबळ, जिला गोरबोलीत ‘इंढोणी’ म्हणतात, तीही कवड्यांनी मढविलेली असते. पैसे, सुपारी व सुईदोरा ठेवण्याच्या कोथळीच्या कडाही कवड्यांच्या असतात.

करण्याची रीत

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कामाचा आरंभ कापडाच्या थरांपासून होतो. जाडेभरडे सुती कापड वर घेऊन त्याखाली जुन्या कापडाचे एक किंवा अधिक पदर घालतात आणि ते सर्व धावदोऱ्याने एकत्र करतात. सोलापूरकडील घरोघरी शिवल्या जाणाऱ्या वाकळेचे तत्त्व हेच आहे. फरक एवढाच की वाकळेत टाका बहुधा थरांना धरून ठेवण्यापुरता असतो, येथे तोच पुढे नक्षीचा पाया होतो. जुन्या कामांत तळाचे कापड तांबड्या किंवा निळ्या रंगाचे असे. पूर्वी हे रंग मंजिष्ठा आणि नीळ यांपासून मिळत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यात बनविलेले रंग बाजारात आले तेव्हा लाल अधिक भडक झाला.

नक्षी कापडावर रेखाटून घेण्याची रीत नाही. स्त्री कापडाला घड्या घालून त्याचे चौरस पाडते, घडीच्या खुणांवरून धावदोऱ्याच्या ओळी घालते आणि मग त्या चौरसांत चौरस, त्रिकोण, शंकरपाळी अशा आकृती धागे मोजून भरते. म्हणून या भरतकामात वळणाच्या वेलबुट्टीपेक्षा कोनांच्या आकृती अधिक आढळतात. सौराष्ट्राच्या किंवा कच्छच्या भरतकामाशी त्याचे नाते उघड आहे. तथापि मोर, हत्ती, फुलझाडे यांचा तेथील सोस येथे नाही. मोजणी चुकली की पुढची सर्व ओळ चुकते. त्यामुळे शिकणाऱ्या मुलीस प्रथम सुई धरण्यापेक्षा मोजणे शिकावे लागते.

भिंगाला भोक नसते. मग ते कापडावर कसे बसते? भिंग कापडावर ठेवून त्यावरून प्रथम दोन आडवे व दोन उभे असे ताणलेले दोरे घेतात, म्हणजे मधोमध एक लहान चौकट तयार होते. मग सुई या दोऱ्यांच्या चौकटीत अडकवीत आणि कापडातून काढीत भिंगाच्या सभोवती काजटाक्यासारखा टाका घालीत जातात. टाका घट्ट होत गेला की चौकटीचे दोरे कडेकडे ओढले जातात, भिंगाचा मधला भाग उघडा राहतो आणि त्याच्या भोवती दोऱ्याचे कोंदण तयार होते. सोनार हिऱ्यास धातूचे कोंदण करतो, ही स्त्री काचेस दोऱ्याचे करते.

कवडीची कृती वेगळी आहे. तिची फुगीर पाठ दगडावर घासून किंवा फोडून काढतात, म्हणजे ती सपाट बसते आणि तिच्यातून सुई जाऊ शकते. कवडीची दातेरी चीर वर येते. कडेने ओळीत, किंवा चार-पाच कवड्यांचे फूल करून, ती शिवतात. मण्यांचे काम दोन रीतींनी होते. पहिल्या रीतीत मणी दोऱ्यात ओवून ती ओळ कापडावर ठेवतात आणि दुसऱ्या दोऱ्याने ठराविक अंतरावर टाके घेऊन ती दाबून बसवितात. दुसऱ्या रीतीत ओवलेल्या सरांची जाळी किंवा झालर करून तिची फक्त वरची कड कापडास शिवतात, म्हणजे सर मोकळे लोंबतात. पहिली रीत जेथे घर्षण होते तेथे योग्य, दुसरी जेथे हालचाल दिसावी तेथे.

या सर्व कृतींतील निर्णायक गोष्ट क्रमाची आहे. भिंगे, मणी व टाके यांनी भरलेला तुकडा आधी पूर्ण होतो. वस्त्र नंतर शिवले जाते. तुकडा तळाच्या थरांमुळे स्वतःच मजबूत असल्याने मूळ वस्त्राचे कापड विरले तरी तो विरत नाही. अशा वेळी स्त्री शिवण उसविते, तुकडा सुटा करते आणि नव्या कापडावर बसविते. आईच्या कांचळीवरची पट्टी मुलीच्या कांचळीवर आणि तेथून नातीच्या कोथळीवर जाऊ शकते. एखादी जुनी कांचळी बारकाईने पाहिली तर शेजारशेजारच्या दोन तुकड्यांचे वय सारखे नाही, हे रंगाच्या विटण्यावरून आणि भिंगाच्या जाडीवरून दिसून येते. अशा वस्त्राचे वय एका आकड्यात सांगता येत नाही.

अलंकार आणि स्त्रीची सामाजिक स्थिती

वस्त्राबरोबर अलंकारांचाही उल्लेख केला पाहिजे, कारण या पेहरावात दोहोंमधील सीमा पुसट आहे. कानांच्या पुढे केसांत गुंफून गालांवर सोडलेल्या ‘घुगरी’, केसांत बसविलेली घुमटाकार ‘टोपली’, वेणीच्या टोकाचा ‘चोटला’, गळ्यातील ‘हासली’, नाकातील ‘भुरिया’ आणि दंडावरील ‘बळिया’ हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी घुगरी, टोपली आणि दंडावरील बळिया हे विवाहित स्त्रीचे अलंकार आहेत. वैधव्य आल्यावर ते उतरविले जातात. अनोळखी तांड्यात गेलेल्या स्त्रीची स्थिती तिने तोंड उघडण्यापूर्वीच तिच्या दंडावरून व केसांवरून कळत असे.

बळिया पूर्वी हस्तिदंताच्या, ज्यांना ते परवडत नसे त्यांच्या हाडाच्या किंवा शिंगाच्या असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही. आता बळिया प्लॅस्टिकच्या असतात. चांदीची जागा बहुतांशी जर्मन सिल्व्हरने आणि ॲल्युमिनियमने घेतली आहे. द्रव्य बदलले तरी स्थान व अर्थ बदलला नाही, हे येथे नोंदविण्यासारखे आहे. हस्तिदंताची बळिया आणि प्लॅस्टिकची बळिया यांस गोरबोलीत शब्द एकच आहे, कारण त्या शब्दाने दंडावरची जागा आणि तिचा अर्थ निर्दिष्ट होतो.

परिभाषेची साक्ष

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या पेहरावाचे महत्त्व येथूनच सुरू होते. ग्रियर्सन यांनी ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) लभाणी अथवा बंजारी बोलीचा परामर्श घेऊन तिचे मूळ पश्चिम राजस्थानीत असल्याचे प्रतिपादन केले. रोनाल्ड ट्रेल यांचे लमाणीचे व्याकरण १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. या अभ्यासांतून बोलीची जी कुळकथा दिसते ती वस्त्राच्या परिभाषेतही उमटलेली आहे.

मोठ्या भागांची नावे पश्चिमेकडची आहेत. ‘कांचळी’ हा शब्द संस्कृत ‘कंचुलिका’पासून आला, जुन्या मराठीतील ‘काचोळी’ ही त्याचीच बहीण. ‘इंढोणी’ हा शब्द राजस्थान व गुजरात या दोन्ही प्रांतांत चुंबळीसाठी रूढ आहे. ‘चोटला’ हा गुजरातीतील वेणी या अर्थाच्या ‘चोटलो’शी मिळतो. ‘हासली’ म्हणजे हिंदीतील ‘हँसली’. त्या भाषेत गळ्याखालच्या हाडासही तोच शब्द आहे, आणि अलंकार नेमका त्या हाडावर टेकतो. ‘घुगरी’चे नाते लहान घंटा या अर्थाच्या संस्कृत ‘घर्घरी’शी व आपल्या ‘घागऱ्यां’शी आहे. ‘कवडी’ तर ‘कपर्दिके’पासून सर्व भारतीय आर्य भाषांत पसरलेली.

टाक्यांच्या नावांकडे वळले की चित्र पालटते. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यातील संडूर येथील लंबाणी भरतकामास २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. तेथे चौदा टाक्यांची नावे सांगितली जातात : किलन, वेले, बक्क्या, माकी, सूर्यकांती माकी, कन्स, तेरा दोरा, कवडी, रेलो, गादरी, भुरिया, पोते, जोल्ल्या आणि नकरा. या यादीत ‘तेरा दोरा’ हे उघडच आर्यभाषिक नाव आहे. ‘कवडी’ आणि ‘भुरिया’ या नावांत वस्तूचे नाव टाक्यास मिळाले आहे. ‘पोते’ हा शब्द ऐकून मराठी वाचकास काचमण्यांच्या ‘पोती’चे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. परंतु ‘सूर्यकांती’ हा कन्नडमधील सूर्यफुलाचा शब्द होय. म्हणजे वस्त्राचे भाग राजस्थानी नाव घेऊन दक्षिणेत आले आणि एका टाक्याने दक्षिणेत पोचल्यावर शेजारच्या शेतातील फुलाचे नाव घेतले. सोलापूर जिल्हा मराठी, कन्नड व तेलुगू यांच्या संगमावर आहे. येथील तांड्यांत आज ‘लेस’, ‘टिकली’, ‘ब्लाऊज’ हे शब्दही याच परिभाषेत दाखल झाले आहेत. वस्त्राप्रमाणे शब्दसंग्रहही जोडत जोडतच तयार झाला आहे, आणि दोहोंतही जुना तुकडा टाकून न देता नव्याच्या शेजारी बसविला गेला आहे.

एक दूरचे उदाहरण

पेहरावाची सामग्री परकी आणि रचना स्वतःची, हा प्रकार केवळ बंजाऱ्यांचाच नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या सेनेका या आदिवासी राष्ट्रातील स्त्रियांचा मणीकामाचा पेहराव याचे उत्तम उदाहरण आहे. साळिंदराच्या पिसांनी व शिंपल्यांच्या मण्यांनी शोभा आणणाऱ्या या स्त्रियांनी युरोपीय व्यापाऱ्यांकडून लोकरी बनात आणि काचेचे मणी घेतले आणि गडद रंगाच्या घागऱ्याच्या काठावर पांढऱ्या मण्यांनी आपल्याच आकृती काढल्या. १८४९-५० च्या सुमारास लुईस हेन्री मॉर्गन या अभ्यासकाने न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहासाठी असे पेहराव जमविले. त्यांतील काही टोनावांडा येथील कॅरोलाइन पार्कर या सेनेका तरुणीने स्वतः तयार केलेले होते. मॉर्गनने वस्तूंची चित्रे काढवून घेतली आणि त्यांबरोबर त्यांची सेनेका भाषेतील नावेही नोंदविली. १९११ मध्ये ऑल्बनी येथील राज्यभवनास आग लागली आणि त्या संग्रहाचा बराच भाग नष्ट झाला. चित्रे व नावे मात्र छापील अहवालांत उरली, आणि मणीकामाची कला सेनेका स्त्रियांच्या हातांत उरली. संग्रहालय जळू शकते. हात आणि शब्द यांची जोड टिकली तर वस्तू पुन्हा घडविता येते.

ऱ्हास कोणत्या गोष्टीचा?

बंजारा पेहरावाच्या ऱ्हासाची कारणे एका दिवसात उद्भवली नाहीत. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरास पोचली आणि त्यापुढील दशकांत बैलांच्या तांड्यांचा व्यापार बसत गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अनेक प्रांतांत बंजाऱ्यांवर शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आला. तांडे स्थिर झाले, शेती व मजुरी हा व्यवसाय झाला. भिंगांची कांचळी आणि जड फेटिया घालून उसाच्या फडात कोयता चालविणे सोयीचे नाही; उसाचे पाते प्रत्येक गोंड्यात अडकते. शाळेत, दवाखान्यात, कचेरीत जाणाऱ्या मुलीस सर्वांच्या नजरा वळविणारा पेहराव नकोसा होतो, यात तिचा दोष नाही. साडी नेसणे ही तिची स्वतःची निवड आहे, आणि पेहराव टिकविण्याची जबाबदारी तिच्या अंगावर लादणे न्याय्य होणार नाही. होळी, तीज आणि लग्न या प्रसंगी फेटिया-कांचळी आजही बाहेर काढली जाते.

दुसरीकडे या कामास बाजारात मागणी आहे. गोव्यातील हणजूणच्या बाजारात लमाणी स्त्रिया भिंगांच्या पिशव्या व उशांचे अभ्रे विकतात. संडूरच्या कारागिरांचे काम देशाबाहेर जाते. जुलै २०२३ मध्ये हंपी येथे भरलेल्या जी-२० संस्कृती गटाच्या बैठकीच्या वेळी लंबाणी भरतकामाच्या १७५५ नमुन्यांचे प्रदर्शन भरवून जागतिक विक्रमाची नोंद झाली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. या सर्व गोष्टी स्वागतार्ह आहेत. त्यांमुळे सुई थांबलेली नाही आणि अनेक स्त्रियांच्या हातात पैसा आला आहे.

तथापि बाजार आणि संग्रहालय यांच्याकडून जे टिकते ते सुटा तुकडा होय. जुन्या कांचळीची छाती कापून तिची पिशवी होते. लेपो भिंतीवर लावावयाची पट्टी होतो. नाण्यांचा काठ ओढणीपासून वेगळा होऊन चौकटीत जातो. तुकडे स्थलांतरित होणे ही या परंपरेस नवी गोष्ट नाही. ते नेहमीच एका वस्त्रावरून दुसऱ्यावर जात आले. भेद असा की पूर्वी तुकडा ज्या नव्या कापडावर बसे तेथेही त्याचे स्थान ठरलेले असे, आणि ते स्थान ठाऊक असलेली स्त्रीच तो बसवीत असे. पिशवीवर गेलेल्या तुकड्यास परतीची वाट नाही. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर शब्द उरतात आणि वाक्यरचना जाते. एखाद्या बोलीचे दोनशे शब्द कोशात सुरक्षित असले आणि त्यांची वाक्ये करणारे कोणी नसले, तर ती बोली जिवंत आहे असे आपण म्हणत नाही.

यावरून नोंदीचे काम कसे व्हावे हे ठरविता येते. वस्त्राचे छायाचित्र काढणे पुरेसे नाही. प्रत्येक तुकड्याचे गोरबोलीतील नाव, त्याचे वस्त्रावरील स्थान, तो आधी भरला की नंतर, त्याखाली किती पदर आहेत, तो नवा आहे की जुन्या वस्त्रावरून आणलेला, आणि आणलेला असल्यास आईकडून की सासूकडून, या प्रश्नांची उत्तरे तो तुकडा करणाऱ्या किंवा बसविणाऱ्या स्त्रीच्या तोंडून, ती काम करीत असताना, तिच्याच बोलीत उतरवून घेतली पाहिजेत. तिला आपले काम सावकाश करू द्यावे आणि टाका घालताना ती जे शब्द उच्चारते ते टिपावेत. कारण रिकाम्या हाताने विचारले असता पुष्कळदा मोठ्या भागांचीच नावे सांगितली जातात आणि बारीक कृतींची नावे सुई चालू असतानाच ओठांवर येतात.

हे काम करण्यास सोलापूर जिल्हा सोयीचा आहे. येथे स्थिर झालेले तांडे आहेत आणि ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातील तांड्यांतील कुटुंबेही येतात; त्यामुळे दोन प्रदेशांतील नावे एकाच ठिकाणी तपासून पाहता येतात. वेळापूरच्या दगडावर कोरलेली मराठी सातशे वर्षांनंतरही वाचता येते, कारण ती दगडावर आहे. कांचळीच्या परिभाषेस तसा दगड नाही. ती साठी-सत्तरीच्या स्त्रियांच्या स्मरणात व बोटांत आहे, आणि हंगाम संपला की त्यांच्या बैलगाड्या व ट्रक आपापल्या तांड्याकडे परत जातात. नोंदीस आरंभ करावयाचा तर तो येत्या हंगामातच केला पाहिजे.